वाट मागता मागता मुदत संपते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेतरस्त्यांच्या वादाच्या बातम्या आपल्या अंकात अधूनमधून येतात. बहुतेक बातम्या मारामारीच्या, नाहीतर उपोषणाच्या असतात. मला लिहायचं आहे ते त्याच्या आधीच्या सहा महिन्यांबद्दल. ते सहा महिने मी स्वतः घालवले आहेत.

गोदाकाठच्या एका गावात माझा अडीच एकरांचा मळा आहे. शिवारातल्या गाडीवाटेवरून आत यायला चुलत भावाच्या बांधाकडेने वाट होती. वडिलांच्या वेळी वाटण्या झाल्या, तेव्हा कोणाचा तुकडा कोणता ते कागदावर आलं. वाट मात्र तोंडीच राहिली. चाळीस वर्षं कोणाला त्याचं काही वाटलं नाही. गेल्या मे महिन्याच्या अखेरीस भावाने रोटाव्हेटर मारला तो वाटेवरूनही मारला आणि पाऊस पडल्यावर तिथे सोयाबीन पेरलं.

मी त्याच्याकडे गेलो. तो वयाने मोठा आहे, आम्ही त्याला दादाच म्हणतो. म्हणाला, "अरे, आता पीक उभं आहे. सोंगणी होऊ दे, मग बसू." मला ते पटलं. उभ्या पिकातून ट्रॅक्टर घालायला सांगणारा माणूस मी नाही. सोंगणी झाली तर दिवाळी आली. दिवाळी झाली तर त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. लग्नघरी सरकारी नोटीस कशी पाठवायची? गावातल्या जाणत्यांनीही हेच सांगितलं, "थांब जरा, घरातला मामला आहे."

जानेवारीत कांदा काढला. ट्रॉली गाडीवाटेवर उभी आणि कांदा तीनशे पावलं लांब. घरची चार माणसं आणि सहा मजूर बायका पाट्या डोक्यावर घेऊन बांधावरून जात होत्या. दादाच्या गव्हाला आदल्या रात्री पाणी दिलेलं, बांध निसरडा झालेला. माझी बायको पाटीसकट पडली. मनगट सुजलं, तरी उरलेल्या खेपा तिने एका हाताने पाटी धरून केल्या. एरवी तीन तासांत भरणाऱ्या ट्रॉलीला दोन दिवस लागले. त्या रात्री मी अर्ज करायचं ठरवलं.

तहसीलमध्ये पहिला प्रश्न आला तो असा: "काका, रस्ता अडवला कधी?" मी खरं ते सांगितलं, मे अखेर. तिथेच माझा अर्धा दावा संपला होता, हे मला नंतर कळलं.

शेतात जायची चालू वाट कोणी अडवली, तर ती मोकळी करून देण्याचा अधिकार तहसीलदारांना मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली आहे. कायदा जुना आहे, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने कामाचा आहे. दिवाणी कोर्टाइतका खर्च आणि वेळ त्यात जात नाही. अट एकच: दावा सहा महिन्यांच्या आत आला पाहिजे. आणि हे सहा महिने मोजायचे ते अडथळा पहिल्यांदा सुरू झाला त्या दिवसापासून. वाट आजही बंद आहे, हे सांगून उपयोग होत नाही.

आता हे सहा महिने शेतकऱ्याच्या वर्षावर ठेवून पाहा. वाट नांगरली जाते ती पेरणीच्या तोंडावर. पीक निघेपर्यंत थांबणं ही आपल्याकडची रीत आहे, आणि ती चांगली रीत आहे. पीक निघून सणवार होईपर्यंत मुदत संपत आलेली असते. म्हणजे जो भांडतो त्याचा दावा मुदतीत बसतो, आणि जो शेजाऱ्याचं पीक सांभाळून समजुतीने घेतो तो मुदतीबाहेर जातो. मला एका माणसाने सल्ला दिला होता, "मागच्या महिन्यात अडवली असं लिहा, कोण बघतंय?" असं लिहिणारे खूप असतील. मी लिहिलं नाही. माझा दावा मुदतीबाहेर ठरला. तहसीलदारांना मी दोष देत नाही, त्यांच्यासमोर कायदा होता.

आता मी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली अर्ज केला आहे. त्यात ज्या शेताला वाटच नाही, त्याला दुसऱ्याच्या बांधावरून वाट देता येते. म्हणजे चाळीस वर्षं वापरलेली वाट मी 'नवी' म्हणून मागतो आहे. हे लिहिताना हात जड झाला.

दादाची बाजूही सांगतो, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. शंभर मीटर लांब आणि आठ फूट रुंद वाटेला सुमारे अडीच गुंठे जातात. हीच वाट चार मीटर केली तर चार गुंठे. ज्याच्या वाट्याला एकरभरच आलं आहे त्याला हे जड जातं. पूर्वी बैलगाडीची चाकोरी पुरत होती. आता ट्रॅक्टर, द्राक्षाला ब्लोअर, मालाला पिकअप. वाट रुंद लागू लागली आणि शेतं मात्र पिढीगणिक अरुंद झाली. भांडणाचं मूळ इथे आहे, माणसाच्या दुष्टपणात नाही.

२२ मे २०२५ च्या शासन निर्णयाने शेतरस्ता किमान तीन ते चार मीटरचा असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घ्यावी असं ठरलं. नोंदीची गोष्ट फार मोलाची आहे. माझ्या वडिलांच्या वेळी ती झाली असती तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण शासन निर्णयाने १९०६ च्या कायद्यातले सहा महिने बदलत नाहीत. ते विधिमंडळालाच बदलावे लागतील. नाशिक जिल्ह्यातल्या आमदारांना माझी विनंती आहे की ही मुदत दोन वर्षांची करण्याची मागणी त्यांनी सभागृहात करावी. दोन वर्षांत एक खरीप, एक रब्बी, एखादं लग्न आणि दोन-चार बैठका सहज मावतात.

तोपर्यंत वाचकांपैकी ज्यांची वाट बंद झाली आहे त्यांना सांगतो: पीक निघायची वाट बघा, पण अर्ज आधी करा. अडवलेल्या वाटेचे तारखेसह फोटो काढा, भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल घ्या. नकाशात तुटक दुहेरी रेष असेल तर तो गाडीमार्ग, तुटक एकेरी असेल तर पायमार्ग. समेट झाला तर दावा मागे घेता येतो. अर्ज केला म्हणून नातं तुटेल ही भीती मलाही होती. गेल्या पंधरवड्यात मंडळ अधिकारी स्थळपाहणीला आले तेव्हा टेपचं एक टोक माझ्या मुलाने धरलं आणि दुसरं दादाने. मोजणी झाल्यावर त्याच्याच विहिरीवर आम्ही सगळ्यांनी चहा घेतला. निकाल अजून यायचा आहे.

आपला,
एक शेतकरी, जि. नाशिक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)