त्या दोघा दादांचे मनापासून आभार

लिफ्ट किट (गाडी उंच करायचा संच) टाकल्यापासून गाडी डावीकडे झुकलेली, जवळपास २ सेंमी, आणि जो तो एकच सांगायचा की डाव्या बाजूला स्पेसर (स्प्रिंगपाशी बसवून ती बाजू उचलणारी जाड चकती) टाक. परवा पार्किंगमधे मी गाडीकडे बघत नुसता उभा होतो तर दोन अनोळखी दादा स्वतःहून आले. आधी गाडी सपाट जागी घ्यायला लावली, चारही टायरची हवा सारखी केली, मग टेपने चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंत मापं घेतली, स्वे बारची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची) लिंकही सोडून बघितली, काही फरक नाही. शेवटी एक दादा खाली शिरले आणि मलाही बोलावलं, माझं बोट धरून मागच्या उजव्या स्प्रिंगच्या टोकाला लावलं, ते खाचेत बसलंच नव्हतं! म्हणजे डावी बाजू खाली नव्हतीच, उजवी वर होती. स्प्रिंग फिरवून नीट बसवली, कंट्रोल आर्मचे (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्यांचे) बोल्ट ढिले करून गाडी चाकांवर उतरवल्यावरच परत आवळले, नाहीतर त्यांच्या सांध्यातले रबरी बुश पिळलेलेच राहतात म्हणे. परत टेप लावला, दोन्हीकडे सारखं! खाली माती होती म्हणून दादांनी स्वतःचं जॅकेट माझ्या पाठीखाली घातलं होतं, ते तसंच झटकून घेऊन गेले, नावं विचारायची राहूनच गेली. दादा, खरंच खूप खूप आभार.