ती काटकी मोडू न दिल्याबद्दल

ताई,

खोडावरच्या त्या पतंगाचा फोटो मी किती जणांना दाखवला असेल! एकाने "यात पतंग आहे तरी कुठे?" म्हणून विषय संपवला. दुसऱ्याने झाडावर औषध मारायला सांगितलं. ज्यांच्या अभ्यासाबद्दल मला फार आदर होता, त्यांनी दोन मिनिटांत एक भारदस्त नाव ठोकून दिलं आणि मी शंका काढल्यावर फोन घेणंच बंद केलं. नाव चुकीचं निघालं. त्याचा राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू?

तुम्ही मात्र माझ्याबरोबर थेट त्या झाडापाशी आलात. आडवी येत होती म्हणून एक वाळकी काटकी मी मोडायला गेलो, आणि तुम्ही माझं मनगट हलकेच धरलंत. बोललात काहीच नाही. नुसतं भिंग पुढे केलंत. काटकीला डोकं होतं! पुढे पायांच्या तीन जोड्या, पार मागे दोन, मधलं अंग मोकळं. तोंडापासून फांदीपर्यंत रेशमाचा एक धागा ताणलेला आणि त्याच्या आधाराने ती तिरकी, ताठ उभी. उंटअळी! चालताना हिच्या पाठीची कमान का होते ते तेव्हा कळलं, मध्ये पायच नाहीत. तुम्ही हात धरला नसता तर मी तिला चिरडली असती, हे आठवलं की अजून कसंतरी होतं.

माझा पतंगही याच कुळातला, जिओमेट्रिडी, एवढं तुम्ही खात्रीने सांगितलंत. जात विचारली तर म्हणालात, "एका फोटोवरून नाही सांगता येणार." जिथे खात्री संपते तिथे थांबणारी माणसं किती कमी भेटतात! अशा माणसांवर डोळे मिटून विश्वास ठेवावासा वाटतो.

याच कुळातले काही पतंग खोडावर उतरल्यावरही थोडे सरकतात, वळतात आणि सालीत आणखी बेमालूम मिसळतात, हे कोरियातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवल्याचं तुम्ही सांगितलंत. घरी येऊन फोटो पुन्हा पाहिला. पंखांवरच्या रेघा भेगांना अशा लागून होत्या की पंख कुठे संपतो ते बोटाने शोधावं लागलं.

तुम्ही पाल्यासकट दिलेली अळी परवा डब्यातल्या मातीत उतरली. आत कोष होत असेल. उकरून बघायचा फार मोह होतो, पण मनगटावर तुमचा हात आहे असं समजून थांबलो आहे.

तुमचा ऋणी