आकडा आला, तर उत्तर कोण देणार?

डिचोली, गोवा
श्रावणातला रविवार

प्रिय सुमेधा,

तुझा निरोप वाचला. कंपनीचा माणूस तुझ्या दवाखान्यात बीपीचं यंत्र, वजनकाटा, ऑक्सिमीटर (पेशंटने घरी मोजलेले आकडे आपल्या स्क्रीनवर पाठवणारे) आणि वर्षाच्या वर्गणीचा कागद टेबलावर ठेवून गेला, आणि आता तू विचारतेस की घेऊ का. मिरजेच्या होस्टेलवर आपण कुठल्याही प्रश्नावर रात्रभर वाद घालायचो, तेव्हा हेही फोनवर दोन वाक्यांत उरकायला मन घेत नाही. म्हणून लिहायला बसले.

माझं मत आधी सांगते. घे, पण यंत्रं ठरवण्याआधी माणूस ठरव. पेशंटच्या घरून आकडा येणं ही यातली सोपी बाजू आहे. तो आकडा कोण बघणार, किती वेळात बघणार आणि बघून काय करणार, हे ठरलेलं नसेल तर पेशंटला मात्र उगाच वाटत राहतं की डॉक्टरांचं माझ्यावर लक्ष आहे. त्या भरवशावर तो छातीत दुखत असतानाही घरीच बसला, तर आपण त्याचं वाईटच केलं.

अभ्यासांतही हेच दिसतं. २०१० मध्ये अमेरिकेतला हार्ट फेल्युअरच्या (हृदय पुरेसं रक्त ढकलू शकत नाही तो आजार) १,६५३ पेशंटांचा अभ्यास छापून आला. त्यात निम्म्या लोकांनी रोज एका स्वयंचलित फोनयंत्रणेला वजन आणि लक्षणं कळवायची होती. सहा महिन्यांनी पाहिलं तर मृत्यू कमी नाहीत, पुन्हा भरती होणंही कमी नाही. शेवटच्या आठवड्यापर्यंत जेमतेम ५५ टक्के लोक आठवड्यातून तीनदा तरी फोन करत होते. २०१८ च्या जर्मन अभ्यासात १,५७१ पेशंट होते, सगळे वर्षभरात हार्ट फेल्युअरसाठी भरती होऊन गेलेले. त्यांतल्या निम्म्यांचे आकडे बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात डॉक्टर आणि नर्स चोवीस तास बघत होते. तिथे मृत्यूचं प्रमाण १०० रुग्ण-वर्षांमागे (१०० पेशंट वर्षभर पाहिले असं धरून) नेहमीच्या उपचारांच्या गटात ११.३, तर या गटात ७.९ निघालं. दोन्ही अभ्यासांत फरक बरेच आहेत, पण मला मोठा वाटतो तो हा की दुसऱ्यात पलीकडे जागं माणूस होतं, औषध बदलण्याचा अधिकार असलेलं.

आपल्याकडे चोवीस तास कोणी नसतं. माझ्याकडे एक सिस्टर आहे, ती सकाळी ओपीडीच्या आधी तासभर आणि संध्याकाळी थोडा वेळ स्क्रीनसमोर बसते. पेशंटला आणि घरच्यांना मी पहिल्याच दिवशी तोंडावर सांगते आणि कागदावरही लिहून देते: रात्री हे आकडे कोणी बघत नाही. छातीत दुखलं, दम लागला, बोलताना जीभ जड झाली, तर यंत्राला हातही लावायचा नाही, सरळ १०८ ला फोन.

आता कोणाला घ्यायचं. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) देशव्यापी पाहणीत गोव्यात मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के निघालं, देशात सर्वांत जास्त. त्यामुळे प्रत्येक शुगरवाल्याला यात घालावंसं वाटतं. मी ते टाळलं. इन्शुलिनचा डोस बदलत असेन तेव्हा साखर मोजणारा दंडावरचा चौदा दिवसांचा सेन्सर लावते, तेवढे दिवस नीट बघते आणि थांबते. कायमचं लक्ष फक्त दोन गटांवर: औषधं घेऊनही बीपी हलत नाही ते, आणि हार्ट फेल्युअरसाठी भरती होऊन नुकतेच घरी आलेले.

बीपीचा फायदा तर इतका उघड आहे की आपण इतकी वर्षं दवाखान्यातल्या एका आकड्यावर गोळ्या कशा वाढवत होतो याचं नवल वाटतं. सत्तरीतले एक आजोबा आहेत. बस बदलून येतात, जिना चढतात, माझ्यासमोर बसले की वरचा आकडा १६० च्या पुढे. तीन गोळ्या चालू होत्या आणि सकाळी उठताना तोल जायचा. घरी आठवडाभर मोजून घेतलं तर सरासरी १२० च्याही खाली. एक गोळी काढली, चक्कर गेली. याच्या उलटही असतं, दवाखान्यात छान आणि घरी चढलेलं, आणि ते तर आपल्या हातून निसटतंच. घरच्या सरासरीला १३५/८५ ही रेघ धरायची, दवाखान्यातली १४०/९० नव्हे, हे तुला माहीत आहे, पण सिस्टरच्या समोरच्या कागदावरही ते लिहिलेलं असू दे.

मोजायची रीत शिकवण्यात वेळ घाल. पहिल्या भेटीत अर्धा तास गेला तरी चालेल. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला, आधी लघवीला जाऊन यायचं, अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू नाही. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट. सात दिवस मोजायचं आणि पहिला दिवस सोडून सरासरी. यंत्र दंडाचंच घे, मनगटाचं नको, आणि जाड दंडाला मोठा पट्टा. ते मॉडेल तपासून प्रमाणित झालेलं आहे का, हे ‘स्ट्राइड बीपी’च्या यादीत बघता येतं. कंपनीच्या माणसाला यादीतलं नाव दाखवायला सांग. नाडी अनियमित असेल तर ही यंत्रं चकतात, तिथे तीनदा मोजून घ्यायचं.

हार्ट फेल्युअरसाठी मला सगळ्यांत प्रिय झालेली वस्तू म्हणजे साधा वजनकाटा, कारण अंगात पाणी साठू लागलं की वजन चढतं. सकाळी उठून, लघवी करून, काही खाण्याआधी वजन. तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त वाढलं की फोन. पावसाळ्यात आमच्याकडे मासेमारी बंद असते, घराघरांत पुरुमेंताचं (पावसाळ्यासाठी साठवलेलं) खारं सुकं मासळं आणि मिठातली कैरी निघते, पेजेबरोबर रोज. आणि जुलैत पाय सुजलेले पेशंट येऊ लागतात. पूर्वी ते झोपता येईना झालं की यायचे, मग रात्री गाडी करून बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात. गेल्या पावसात एका आजींचं वजन चढताना सिस्टरने पाहिलं, फोन केला, जेवणात काय होतं ते विचारलं. मी त्यांना बोलावून तपासलं, लघवीची गोळी काही दिवस वाढवली, किडनी आणि पोटॅशियमची तपासणी करून पुन्हा कमी केली. आजी घरीच राहिल्या. सुमेधा, त्या दिवशी मला जे समाधान वाटलं ते ओपीडीत रोज मिळत नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट, जी कंपनीच्या माहितीपत्रकात नसते. आकडा न येणं हीसुद्धा खबर असते. सिस्टर सकाळी मर्यादेबाहेरच्या आकड्यांच्या लाल खुणा बघण्याआधी गप्प झालेल्यांची यादी काढते. कधी वीज गेलेली असते, कधी रेंज नसते (सत्तरी तालुक्यातल्या आतल्या गावांत पावसात हे नेहमीचंच), कधी चवथीसाठी पेशंट मूळ घरी गेलेला असतो आणि गोळ्या इकडेच राहिलेल्या. आणि कधी माणूस खरंच आजारी पडलेला असतो, उठून यंत्र लावण्याचंही त्राण नसतं. म्हणून दोन दिवस काही आलं नाही की फोन जातोच. रेंजच नसेल त्यांना मी वही देते. शेजारचा मुलगा वहीचा फोटो पाठवतो किंवा आकडे फोनवर सांगतात. यंत्र आपोआप पाठवतं की माणूस वाचून दाखवतो, याने उपचारात काही फरक पडत नाही.

धोक्याच्या मर्यादा प्रत्येक पेशंटच्या वेगळ्या ठेव. कंपनीने दिलेल्या सरसकट मर्यादा ठेवल्यास दिवसभर घंटा वाजत राहील आणि सिस्टर चार दिवसांत घंटा बघायची सोडून देईल. आणि जो माणूस भीतीने दिवसातून दहा वेळा मोजतो, त्याच्याकडून यंत्र काही काळ परत घे. मी घेतलं, त्यांची झोप सुधारली.

घरच्यांचं एक सांगते. आमच्याकडे निम्म्या घरांतला मुलगा जहाजावर, आखातात नाहीतर पोर्तुगालमध्ये. त्याला आईचे आकडे मोबाइलवर हवे असतात, आणि ते मिळाले की तो तिकडून आईला बांगडा का खाल्लास म्हणून ओरडतो. म्हणून कोणाला काय दाखवायचं हे मी पेशंटलाच विचारते, मुलाला नाही. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर आकडे अजिबात नकोत. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याखाली ही जबाबदारी आपल्यावर येते.

संमतीही नीट घे. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पेशंटने आपणहून फोन केला तर संमती गृहीत धरता येते, पण आपण सुरुवात केली तर ती स्पष्ट घेऊन नोंदवावी लागते. आणि त्याच आजारासाठी प्रत्यक्ष तपासून सहा महिने उलटले तर तो फॉलो-अप धरत नाहीत. मी त्याच्या बरंच आधी बोलावते. पायाची सूज बोटाने दाबूनच कळते.

पैशाचं मोकळेपणाने लिहिते. अमेरिकेत या कामाचे वेगळे बिलिंग कोड आहेत, तिथे डॉक्टरला पैसे मिळतात. आपल्याकडे तसं काही नाही, आणि गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे. मी महिन्याला ठरावीक फी घेते, ती सिस्टरच्या वाढीव पगारात जाते. ज्यांना परवडत नाही त्यांना दवाखान्याचं यंत्र महिन्याभरासाठी उसनं देते. यातून नफा होईल या हिशेबाने तू सुरू करू नकोस. भेटी थोड्या कमी होतील, पेशंट टिकतील.

सही करण्याआधी कंपनीला तीन गोष्टी लेखी विचार: वर्गणी थांबवली तर यंत्र नुसतं मोजायला तरी चालेल का, जुने आकडे आपल्याला फाइलमध्ये मिळतील का, आणि ते आकडे कंपनी आणखी कोणाला देते. तिसऱ्याचं उत्तर तो टाळायला लागला तर सही करू नकोस, दंडाची साधी यंत्रं आणि वह्या घेऊन सुरू कर.

मला आधी तुझ्या पहिल्या दहा पेशंटांची यादी पाठव, नावं नकोत, वय, आजार आणि चालू औषधं पुरे. आपण मिळून प्रत्येकाच्या मर्यादा ठरवू. रविवारी दुपारी जेवणानंतर मी मोकळी असते. आणि तुझ्या सिस्टरचा फोन आमच्या सिस्टरला जोडून दे, त्या दोघींचं बोलणं आधी होऊ दे. काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
मीरा