वॉशरचा दिवा विझवणाऱ्यांचे आभार

गाडीची काच धुणाऱ्या वॉशरची टाकी काठोकाठ भरलेली, तरी वॉशरचं पाणी संपल्याचा दिवा डॅशबोर्डवर जळतच होता. दुसरीकडे सरळ नवा सेन्सर टाकायला सांगितलं होतं. कुर्ल्याला एलबीएस मार्गावरच्या वायरिंगवाल्या काकांनी मात्र आधी चाकावरचं प्लास्टिकचं कव्हर सोडवलं आणि टाकीच बाहेर काढली.

तळाशी हिरवट शेवाळ साचलेलं. सेन्सरचा फ्लोट, म्हणजे पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता भाग, त्यातच अडकला होता. पाणी चढलं तरी तो खालीच, मग त्याच्यातल्या चुंबकावर चालणारा स्विच टाकी रिकामी असल्याचंच सांगणार! काकांच्या हाताखालच्या मुलाने तो टूथब्रशने किती हळुवार साफ केला. कनेक्टरच्या पिनांवर गंज होता, तोही घासून काढला. मुंबईचा पाऊस आणि खारी हवा पिनांना सोडत नाही, असं काका म्हणाले.

मध्येच सर आली तेव्हा शेजारच्या दुकानातल्या ताई ताडपत्री घेऊन धावत आल्या. ताई, तुमचेही आभार.

दिवा विझला. काकांनी फक्त मजुरी घेतली. पावसात ट्रकमागून चिखल उडतो तेव्हा काच धुता येणं किती गरजेचं असतं! काका, मनापासून धन्यवाद. त्या मुलाला माझा आशीर्वाद सांगा.