आरओ काढतेय, रागावू नका

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

शनिवारी अकरानंतर एक मुलगा येईल, स्वयंपाकघरातलं पाणी गाळायचं आरओ मशीन काढेल आणि त्या जागी साधं यूव्ही-यूएफचं मशीन बसवेल. पैसे भरून झालेत, तेव्हा "कशाला उगाच" यावेळी चालणार नाही. आधी विचारलं नाही, कारण मग गिझरसारखंच झालं असतं.

बाबा, आकडे तुमच्यासाठी. दिवाळीत मीटर लावला तेव्हा कॉर्पोरेशनच्या नळाचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला 84 मिलिग्रॅम होता, आरओचा 11. पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, 500 पर्यंत बिनदिक्कत चालतो. त्याखाली आरओवर बंदी घाला, असं हरित लवादाने 2019 मध्ये पर्यावरण मंत्रालयाला सांगितलंही होतं. जंतू त्या मीटरला दिसतच नाहीत. धरणाच्या पाण्यात भीती जंतूंची आणि गाळाची. त्यांना यूव्हीचा दिवा आणि यूएफची बारीक जाळी पुरते.

तुम्ही म्हणाल, त्या आरओ विक्रेत्याने दोन ग्लासांत विजेच्या दांड्या बुडवून दाखवलं होतं, नळाचं पाणी तपकिरी झालं, आरओचं नाही. अहो, त्यांतली एक दांडी लोखंडाची असते. क्षारांमुळे पाण्यातून करंट जातो, लोखंड झिजतं आणि त्याचाच गंज खाली बसतो. आरओच्या पाण्यात क्षार नाहीत, करंट जेमतेम जातो, म्हणून ते स्वच्छ दिसतं. पुन्हा कोणी आला तर आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून दाखव म्हणावं. तेही तपकिरी होईल. तुम्ही मात्र दांड्यांना हात लावू नका, ते घरच्या विजेवर चालतं.

आई, तुझ्यासाठी खरं कारण ती निळी बादली. एक लिटर गाळायला हे मशीन साधारण तीन लिटर सोडून देतं. ते फुकट जाऊ नये म्हणून तू बादली भरतेस आणि मोरीपर्यंत उचलून नेतेस. कमरेचा पट्टा लावून. मला फोनवर आवाज येतो गं. नव्या मशीनला वाया जाणारं पाणीच नाही. चव पहिले चार-सहा दिवस वेगळी लागेल, आरओइतकी गोडसर नाही. चहा बिघडणार नाही, डाळही नीट शिजेल.

आता नीट ऐका. पहिल्या दोन टाक्या पिऊ नका, आतल्या कार्बनच्या गाळणीची काळी पूड येते. ते पाणी झाडांना घाला. गाळ अडवणारी पांढरी कँडल पावसाळ्यात लवकर तपकिरी होते, धार बारीक झाली की वर्ष व्हायची वाट न बघता बदला. यूव्हीचा दिवा दरवर्षी बदलायचाच. तो निळा दिसत राहतो, पण जंतू मारायची ताकद उतरलेली असते. बसवल्याची तारीख मशीनवर मार्करने लिहा, आणि पेटलेल्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका. जुलैत पाणी गढूळ आलं की यूव्ही आरपार जात नाही; त्या दिवसांत उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळून मगच पिंपात भरा.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. कार्बन क्लोरीन काढून टाकतो आणि यूव्ही मागे काहीच ठेवत नाही, म्हणून गाळलेलं पाणी साठवलं की त्याला राखण नसते. महिन्यातून एकदा टाकी धुवा. गावाला जाऊन आलात तर आधी सगळं पाणी सोडून द्या. पिंपात हात बुडवायचा नाही, ओगराळं वापरायचं. हे बाबांना सांगतेय.

एप्रिल-मेमध्ये टँकर आला तर ते पाणी वापरायला. प्यायला सकाळचा कॉर्पोरेशनचा नळच, मशीन त्यालाच जोडायला सांगितलंय. मीटर देवघराच्या खणात आहे. कधी 500 च्या वर आकडा दिसला तर परस्पर काही न घेता मला फोन करा, तेव्हा आरओचा विचार करू. हट्ट नाही माझा.

आणि बाबा, रात्री उठावं लागतं म्हणून पाणी कमी करू नका. मूतखड्यांवर औषध आरओ नाही, भरपूर पाणी पिणं आहे. संध्याकाळी सातच्या आत पिऊन घ्या.

जुना आरओ त्या मुलाबरोबर द्यायचाय. माळ्यावर चढवू नका, त्याच्या आतली ओली मेम्ब्रेन, म्हणजे क्षार गाळणारा पडदा, आठवड्यात वास मारते.

तुमची,
चिमी

ता. क. निळी बादली बाबांनी गच्चीवर नेऊन ठेवावी. रिकामी.