सिंहगड, १९२३ आणि तुमचा माळा

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास की कोल्हापूरचं जुनं घर पाडायचंय, माळा रिकामा करायला घेतलाय, आणि तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाहीये. तुझे पणजोबा तंबूत सिनेमाचं मशीन चालवायचे ना? म्हणून हे पत्र, जरा लांबेल, पण पूर्ण वाच.

मी सध्या हरिभाऊ आपट्यांची 'गड आला पण सिंह गेला' परत वाचतोय. शाळेत वाचली तेव्हा कमलकुमारीचा भाग सोडून थेट लढाईवर उडी मारली होती, आता मात्र तिच्यावर काय ओढवतं ते वाचताना जीव कासावीस होतो. याच कादंबरीवरून आपल्या बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये मूकपट काढला, 'सिंहगड'. हरिभाऊ १९१९ मध्येच गेले, त्यांना तो बघायला मिळालाच नाही. आणि आपल्यालाही मिळणार नाही, कारण त्याची एकही प्रिंट आज शिल्लक नाही. याचं मला खरंच खूप वाईट वाटतं रे.

विचार कर, ज्या माणसाने स्वतःच्या हाताने कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, त्यानेच यात शिवाजी महाराजांचं काम केलं, तानाजी झाले बाळासाहेब यादव, आणि ऐंशी वर्षांचा शेलारमामा कोणी केला माहितीये? व्ही. शांतारामांनी, तेव्हा ते जेमतेम एकवीस-बावीस वर्षांचे! रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला होता, त्या काळात आपल्याकडे बहुतेक शूटिंग उन्हात व्हायचं. सिनेमाला एवढी झुंबड उडाली की ती बघूनच मुंबई सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली असं सांगतात, तो कायदा १९२३ चाच.

पण मला सगळ्यात जास्त काय बघायचं होतं सांगू? दोर. तानाजी पडल्यावर मावळे पळत कड्याकडे येतात आणि सूर्याजी सांगतो की दोर कधीच कापून टाकलेत. कादंबरीत हरिभाऊंकडे शब्द आहेत, पानंच्या पानं संवाद आहेत, मूकपटात मात्र मध्ये मध्ये येणारी दोन-चार ओळींची पाटी, तीही ज्याला वाचता येतं त्याच्यासाठी. मग पेंटरांनी तो क्षण कसा दाखवला असेल? आधी तुटका दोर की आधी मावळ्यांचे चेहरे? मूळचा चित्रकार माणूस, त्याने ती फ्रेम नुसती उरकली नसणार. प्रभात फिल्म कंपनीने १९३३ मध्ये 'सिंहगड' बोलपट काढला, शांतारामांनीच केला, पण तो वेगळा सिनेमा. मला पेंटरांचा दोर बघायचा होता.

आपल्या देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले आणि उरलेत मोजून वीस-तीस, त्यातलेही कितीतरी तुकड्यातुकड्यांत. तेव्हाची फिल्म सेल्युलोज नायट्रेट नावाच्या पदार्थाची, भुर्रकन पेटायची, नाहीतर आपोआप सडून तिचा भुगा व्हायचा. आणि जी टिकली ती लोकांनी चांदीसाठी विकली, फिल्मवरच्या थरात चांदी असते ना, बोलपट आल्यावर मूकपटाला तेवढीच किंमत राहिली.

तर माझं एवढंच काम कर. माळ्यावर पत्र्याचे चपटे गोल डबे दिसले तर भंगारवाल्याला देऊ नकोस. गंजून झाकण बसलं असेल तर हातोडी मारून उघडू नकोस, उन्हात ठेवू नकोस, जवळपास कोणाला बिडी ओढू देऊ नकोस, जुनी नायट्रेट असली तर फार धोक्याचं असतं. नुसते फोटो काढून मला पाठव, मी इथे पुण्यात लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये स्वतः जाऊन दाखवतो, नायट्रेट कशी हाताळायची ते त्यांना माहिती असतं. डबे नसले तरी जुनी हँडबिलं, पाट्या, हिशोबाच्या वह्या असं काही सापडलं तर तेही बाजूला ठेव.

आणि शनिवारपर्यंत माळ्याला हात लावू नकोस, मी शुक्रवारी रात्रीच्या एसटीने निघतोय. काकूंना सांग, जेवायला आहे.

तुझाच,
पुणेकर दोस्त