दुकानाची काच झाकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) खरेदीसाठी परवा धुळ्याच्या आग्रा रोडवर गेलो होतो. पुरुषांच्या तयार कपड्यांच्या दोन-तीन दुकानांच्या दर्शनी काचा सवलतीच्या फ्लेक्सने पार झाकलेल्या दिसल्या. तीस वर्षे शोकेस सजवण्याचे काम केलेल्या मला ते पाहवले नाही.

या काचेमागे मोठा इतिहास आहे. फ्रान्सिस प्लेस या शिंप्याने १८०१ मध्ये लंडनच्या चेरिंग क्रॉस भागातल्या आपल्या दुकानाला मोठ्या काचा बसवल्या. तेव्हा काच फार महाग होती. १८४५ मध्ये ब्रिटनने काचेवरचा कर उठवला आणि मग ती साध्या दुकानांनाही परवडू लागली. १८९७ मध्ये तर शिकागोत एल. फ्रँक बॉम या अमेरिकन लेखकाने दुकानांच्या काचा सजवण्याच्या कलेवर मासिकच काढले.

आपल्याकडे कापड अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये, जळगावच्या खान्देश मिलमध्ये विणले जाई, पण ते पाहायचे तर पेढीच्या गादीवर जाऊन बसावे लागे. पायाला माती लागलेला माणूस पांढऱ्या चादरीकडे पाहूनच बिचकायचा. काच आली आणि त्याला रस्त्यावर उभे राहून कापड, शिलाई, किंमत सगळे बघता येऊ लागले. 'भाऊ, तो काचमाना सदराच दखाडा,' असे कोणी म्हटले की आम्ही पुतळ्याच्या अंगातला सदरा काढून द्यायचो, लावलेल्या भावातच.

ते काम सोपे नव्हते. धडाच्या पुतळ्याला सदरा घालून पाठीमागून टाचण्यांनी तंग करायचा, बाह्यांत कागद भरायचा, पँटची क्रीज नायलॉनच्या दोऱ्याने ताणायची. एक टाचणी बाहेरून दिसली तरी शेठ सगळे उतरवायला लावत. वैशाखातल्या खान्देशी उन्हात गडद निळा सदरा आठवड्यात खांद्यावर विटायचा. म्हणून काचेला आतून पिवळा जिलेटीन कागद लावायचा, उन्हाच्या बाजूला पांढरे कपडे ठेवायचे आणि दर चार दिवसांनी माल बदलायचा. हे मला कोणी शिकवले नाही, माल खराब करत करतच कळले.

व्यापारी बांधवांना विनंती आहे की सवलतीचा फलक काचेच्या वर लावा, डोळ्यांसमोरची काच मोकळी ठेवा. आणि आपल्या दैनिकाने धुळे, जळगाव, नंदुरबारच्या जुन्या दुकानांच्या शोकेसचे फोटो वाचकांकडून मागवावेत. माझ्याकडे चार आहेत, ते मी कार्यालयात आणून देईन.

आपला,
एक निवृत्त दुकान-कामगार, धुळे